इंजेक्टर स्वतः बदलायचे का? आधी दोष सिद्ध करा, मग पाना उचला

धायरीच्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१४ ची वॅगन-आर आहे, सीएनजी कंपनीनेच बसवलेला. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते तेव्हा थरथरते, मिसिंग करते (म्हणजे मधूनच एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन पेटत नाही), एखाद्या दिवशी बंदही पडते. गॅसवर गेली की काही तक्रार नाही. मित्राच्या स्कॅनरवर पी०३०२ हा कोड निघाला. गॅरेजवाल्याने तिन्ही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, बदलायला सांगून खर्चाचा अंदाज हातात दिला. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ते घरीच बदलतात, बऱ्यापैकी हत्यारं जमवलेली आहेत. तर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम स्वतः करावं का, असं ते विचारतात.

हाताच्या कामापुरतं बोलायचं तर तुमच्या गाडीत हे जमेल. या इंजिनात इंजेक्टर काढणं-बसवणं अवघड नाही. अवघड आहे ते बिघाड खरोखर इंजेक्टरमध्येच आहे हे ठरवणं. ‘इंजेक्टर बदलले तरी फरक पडला नाही’ असं सांगत माझ्याकडे गाड्या येत असतात आणि तपासायला घेतल्या की बहुतेक वेळा कळतं, काढून टाकलेले जुने इंजेक्टर चांगले होते. बसवणाऱ्याचा हात चुकलेला नसतो. भलतंच सामान बदललेलं असतं. म्हणून स्वतः करावं की नाही याच्या आधी, करायचं नक्की काय, ते पाहू.

तुमच्या तक्रारीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ‘गॅसवर गेली की काही तक्रार नाही’. नुसत्या पेट्रोलच्या गाडीत मिसिंग आलं की आम्हाला प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, कुठून जास्तीची हवा ओढली जाते का, असं सगळंच धुंडाळावं लागतं. तुमच्या गाडीत या गोष्टी दोन्ही इंधनांना सामाईक आहेत. पिस्टन तोच, व्हॉल्व्ह तेच, प्लग आणि कॉइलही त्याच. शिवाय गॅस पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग किंवा कॉइल कमजोर झाली तर गाडी बहुधा आधी गॅसवर त्रास देते. तुमच्याकडे उलटं दिसतंय, त्यामुळे संशय पेट्रोलच्या बाजूला जातो.

पण इथे एक मेख आहे. तुमची गाडी पेट्रोलवर असते तेव्हा इंजिन थंड असतं आणि गॅसवर जाते तेव्हा गरम झालेलं असतं. म्हणजे दोष पेट्रोलचा आहे की थंडपणाचा, हे सकाळच्या लक्षणावरून वेगळं करता येत नाही. त्यासाठी एक फुकटची चाचणी करा. गाडी गॅसवर चांगली वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम करा, मग सुरक्षित जागी उभी करून बटणाने पेट्रोलवर घ्या आणि आयडलिंग ऐका. गरम इंजिनातही पेट्रोलवर मिसिंग आलं, तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा पेट्रोलचा पुरवठा यांच्याकडे वळायचं. गरम असताना पेट्रोलवरही गाडी व्यवस्थित चालली, तर चित्र बदलतं. मग रात्रभरात एखादा इंजेक्टर ठिबकतो का, थंडीत कॉम्प्रेशन कमी भरतं का, कूलंट टेंपरेचर सेन्सर चुकीचं वाचन देतोय का, हे आधी पाहावं लागेल. गॅसवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटची झीज हा स्वतंत्र विषय असतो. तिथे इंजेक्टर बदलून काहीच हाती लागणार नाही.

समजा, गरम असतानाही मिसिंग आलं. आता तो कोड पाहू. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर. हा कोड इंजेक्टर खराब असल्याचं सांगत नाही. त्या सिलेंडरमध्ये इंधन नीट पेटलं नाही, एवढंच तो सांगतो. इंजेक्टरच्या वायरिंगचा दोष असेल तर पी०२०१, पी०२०२, पी०२०३ असे वेगळे कोड असतात. ते आले आहेत का, ते मित्राला पुन्हा पाहायला सांगा. तुमचं इंजिन तीन सिलेंडरचं आहे, त्यामुळे दोन नंबर कुठल्याही बाजूने मोजला तरी मधलाच येतो. चार सिलेंडरच्या गाडीत मात्र लोक उलट्या बाजूने मोजतात आणि चांगलाच इंजेक्टर काढून बसतात.

आता टाकीतल्या पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुण्यातल्या सीएनजी गाड्यांचं हे जुनं दुखणं आहे. गॅसच्या रांगेत तासभर उभे राहणारे मालक पेट्रोल मात्र दोनशे-तीनशे रुपयांचं टाकतात आणि तेच महिनोन्महिने टाकीत पडून राहतं. पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग हळूहळू उडून जातो. थंड इंजिन सुरू व्हायला नेमका तोच भाग लागतो. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात जवळजवळ रिकामी टाकी, वर दमट हवा आणि तळाशी जुनं पेट्रोल, ही स्थिती चांगली नाही. तुमची गाडी २०१४ ची आहे. ई-२० ला टिकणारे रबर-प्लास्टिकचे भाग घेऊन गाड्या येऊ लागल्या त्या साधारण एप्रिल २०२३ पासून. त्यामुळे जुन्या ओ-रिंगा (सांध्यातल्या रबरी कड्या) आणि नळ्यांवर तुम्ही जास्त लक्ष ठेवायला हवं.

इंजेक्टरवर याचा परिणाम कसा होतो तेही समजून घ्या. गाडी गॅसवर धावत असते तेव्हा पेट्रोलचे इंजेक्टर गरम इंजिनाला चिकटून नुसते बसलेले असतात. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, पेट्रोल साचलेलं असतं, ते हलत नाही, नुसतं तापतं. इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेल्या थेंबातला हलका भाग उडतो आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर राहतो. ती छिद्रं इतकी बारीक असतात की पातळसा थरही फवारा बिघडवायला पुरतो. फवाऱ्याची धार होते, धारेचं पेट्रोल नीट पेटत नाही आणि मिसिंग येतं. म्हणजे तुमचा इंजेक्टर मेलेला नसून नुसता चोकअप झालेला असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला इंजेक्टर न काढण्याचा आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल अगदी थोडं असेल तर वर ताजं पेट्रोल भरा, निम्मी टाकी तरी. त्यात चांगल्या कंपनीचं इंजेक्टर क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. डब्यावर पीईए किंवा पॉलिइथरअमाइन लिहिलेलं असेल ते घ्या. मग गाडी पेट्रोलवर ठेवून हायवेला काढा. धायरीहून नवले पुलाकडून कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूरपर्यंत जाऊन या, गाडी एका लयीत चालू द्या. असं दोन-तीन वेळा केल्यावर फरक पडू लागला तर तुमचं काम बाटलीच्या किमतीत झालं. एक सावधगिरी घ्या. चेक इंजिनचा दिवा सतत पेटलेला असेल तर हळू चालवायला हरकत नाही, पण तो उघडझाप करू लागला तर पेट्रोलवर चालवणं लगेच थांबवा. दिवा उघडझाप करतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जातंय. तिथे ते जळून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि त्याचा खर्च तिन्ही इंजेक्टरांपेक्षा जास्त येतो.

फरक नाही पडला, तर आता खोलण्याच्या आधीच्या तपासण्या. यांना मोठी हत्यारं लागत नाहीत. इंजिन पेट्रोलवर आयडलिंगला ठेवून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगाला लावा आणि मूठ कानाशी धरा. चालू इंजेक्टर टिक-टिक-टिक असा स्पष्ट वाजतो. तिन्हींचा आवाज सारखा यायला हवा. मधला गप्प असेल किंवा दबका वाजत असेल तर धागा मिळाला. कपडे आणि हात फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. दुसरी तपासणी मल्टिमीटरची. इंजिन बंद, इग्निशन बंद, कपलर (वायरचा जोड) काढा आणि तिन्ही इंजेक्टरांच्या दोन पिनांमधला रोध मोजा. अशा पेट्रोल इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहमच्या मध्ये येतो. नेमक्या आकड्यापेक्षा तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, ते पाहा. दोन सारखे आणि तिसरा खूप वेगळा, किंवा मीटर काहीच दाखवत नाही, तर त्या इंजेक्टरची कॉइल गेली. तो क्लीनरने सुधारणार नाही, बदलावाच लागेल.

तिसरी तपासणी कपलरपर्यंत करंट येतो का याची. यासाठी एलईडीचा टेस्टर किंवा नॉइड लाइट (कपलरमध्ये खोचायचा छोटा दिवा) वापरा, मोठा बल्ब लावू नका. सेल मारताना दिवा लुकलुकायला हवा. लुकलुकत नसेल तर दोष वायरिंगचा आहे. बाहेरून गॅस किट बसवलेल्या गाड्यांत हे फार सापडतं, कारण त्या कामात पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये किटची जोडणी घेतात आणि वर्षं गेली की ते सांधे हिरवे पडतात. तुमच्या कंपनीच्या किटमध्ये असं तोडलेलं नसतं. पण वॅगन-आर जिथे रात्री उभी असते तिथे उंदीर आहेत का, ते विचारात घ्या. पुण्याच्या सोसायट्यांमध्ये उंदरांनी वायरी कुरतडलेल्या गाड्या पावसाळ्यात हमखास येतात.

इथवर आल्यावर तुमच्याकडे तीन गोष्टी असतील: गरम इंजिनावरचा निकाल, ताज्या पेट्रोलचा निकाल आणि तिन्ही इंजेक्टरांच्या ओहमचे आकडे. या तिन्हींनी मधल्या इंजेक्टरकडेच बोट दाखवलं तर खोलायला घ्या, त्याआधी नको.

खोलायचं कुठे? तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, जमिनीलगत पसरते आणि तळघरातून निघून जायला तिला वाट नसते. बऱ्याच सोसायट्यांत विजेचे मीटर नेमके पार्किंगच्याच भिंतीला असतात. पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आपोआप चालू होतो, त्याची ठिणगी दिसतही नाही. गाडी उघड्यावर, सपाट जागी, मीटर बॉक्सपासून लांब उभी करा. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळी गाडी सुरू करायच्या आधीच काम धरा. हाताशी ड्राय पावडरचा अग्निशामक ठेवा आणि तो वापरता येणारा दुसरा मोठा माणूस जवळ असू द्या. मुलांना लांब ठेवा. हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. पेट्रोलला पेट घ्यायला उन्हाळ्याची गरज नसते, त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेटते.

तुमच्या गाडीत एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे गॅस. काम सुरू करायच्या आधी गॅसच्या टाकीवरचा, म्हणजे सीएनजी सिलेंडरवरचा, हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलेंडरमध्ये भरलेल्या अवस्थेत २०० बारच्या आसपास दाब असतो, तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. इंजिनावर पेट्रोलच्या रेलजवळच गॅसची रेल आणि तिच्या नळ्या असतात. पेट्रोलच्या रेलपर्यंत पोचायला गॅसची एकही नळी सोडावी लागत असेल, तर तिथेच थांबा. बोनेट बंद करा आणि गाडी गॅसचं काम जाणणाऱ्या माणसाकडे न्या. ही माझी पक्की मर्यादा आहे आणि हाताला कितीही सवय असली तरी ती ओलांडू नका. गॅसचा सांधा सुटला की पुन्हा नीट बसला का, गळती नाही ना, हे तपासायची सोय घरी नसते.

गॅसला हात न लावता रेल मोकळी होत असेल तर पुढचं काम संयमाचं आहे. आधी रेलमधला दाब उतरवा. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी पेट्रोलवर सुरू करून बंद पडू द्या, मग दोन-तीनदा सेल मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अशा गाड्यांत पेट्रोलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, डिझेलच्या मानाने काहीच नाही, पण डोळ्यात पिचकारी जायला पुरेसा. चष्मा घाला, सांध्यावर फडकं धरूनच नळी सोडा.

रेलचे बोल्ट सोडण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशने आणि हवेने उडवून टाका. हायवेच्या कडेची बारीक माती तिथे वर्षानुवर्षं बसलेली असते. इंजेक्टर वर आला की ती सरळ छिद्रातून व्हॉल्व्हवर पडते. कपलरच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या दहा वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात, त्या स्क्रू-ड्रायव्हरने ताकद लावून उचकू नका. आधी दाबून, जरा आत ढकलून मग सोडवा. रेल दोन्ही हातांनी सरळ वर उचला, तिरकी नको. इंजेक्टर बाहेर आले की प्रत्येकावर एक, दोन, तीन असा क्रमांक लिहा आणि खालच्या ओ-रिंगा मोजा. एखादी छिद्रातच अडकून राहते, वर नवी बसवली जाते आणि तिथून हवा ओढली जाऊन नवं मिसिंग सुरू होतं. उघडी छिद्रं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने झाका.

आता यापुढे नवे इंजेक्टर उघडू नका. बाहेर आलेले तिन्ही इंजेक्टर घेऊन इंजेक्टर टेस्टिंगवाल्याकडे जा. पुण्यात अशी कामं करणारे आहेत. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत विचारलं तरी पत्ता मिळतो. फ्लो बेंचवर तिन्ही इंजेक्टर शेजारी शेजारी काचेच्या नळ्यांवर लावून चालवतात. कुणाचा फवारा पसरतोय, कुणाची धार पडतेय, बंद असताना कोण ठिबकतोय आणि ठरावीक वेळात कुठल्या नळीत किती पातळी आली, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर दिसतं. मग अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन पुन्हा बेंचवर लावतात. धुण्याआधीची आणि नंतरची पातळी, दोन्ही दाखवायला सांगा. तिन्ही नळ्या जवळजवळ सारख्या भरल्या आणि ठिबकणं थांबलं, तर तेच इंजेक्टर नव्या ओ-रिंगा घालून परत बसवायचे. या सगळ्याचा खर्च साधारणपणे एका नव्या इंजेक्टरपेक्षा कमी येतो. एक सुधारलाच नाही तर तेवढा एक बदला. घेताना जुन्याच्या अंगावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, दिसायला सारखा आहे म्हणून घेऊ नका, आणि पक्कं बिल मागा.

टेस्टिंगपर्यंत जायला वेळ नसेल तर दुसरी वाट आहे. मधला आणि एका बाजूचा इंजेक्टर नव्या ओ-रिंगा घालून अदलाबदल करून बसवा, कोड पुसा, गाडी पेट्रोलवर चालवा. कोड पी०३०२ वरून पी०३०१ किंवा पी०३०३ झाला, म्हणजे मिसिंग इंजेक्टरबरोबर हललं, तर तो इंजेक्टर दोषी. कोड दोन नंबरवरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष, वायर आणि इंजिनाकडे बघा. कुठल्याही मशीनपेक्षा मला या चाचणीचा निकाल जास्त खात्रीचा वाटतो.

बसवताना ओ-रिंगा नव्याच घ्या, जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी. त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, ग्रीस नको. कोरडी ओ-रिंग बसताना वळते, कापली जाते आणि पेट्रोल गळायला लागतं. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच. मग बॅटरी जोडा, फ्यूज घाला आणि गाडी सुरू न करता नुसतं इग्निशन दोन-तीनदा ऑन करा. प्रत्येक वेळी पंप काही सेकंद चालून रेल भरेल. टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरचा वरचा सांधा बघा, नाक लावून वास घ्या. ओलसरपणा किंवा वास आला तर सेल मारू नका, पुन्हा खोला. सगळं कोरडं असेल तेव्हाच गाडी सुरू करा आणि गरम झाल्यावर, बंद करून, परत एकदा तपासा.

गॅरेजवाल्याने तिन्ही सांगितले म्हणून तो फसवतोय असं धरून बसू नका. त्याच्या बाजूनेही कारण आहे. एकच बदलला आणि दोन महिन्यांनी दुसरा गेला, की ग्राहक त्यालाच धरतो. काही इंजिनांत इंजेक्टर मॅनिफोल्डच्या खाली असतात, पोचायलाच अर्धा दिवस जातो. तिथे सगळे एकदम बदलणं मीही सुचवतो, कारण मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. तुमच्या गाडीत पोचणं तुलनेने सोपं आहे आणि पेट्रोलच्या अशा इंजेक्टरला संगणकात काही लिहावं लागत नाही. थोडाफार फरक ईसीयू, म्हणजे इंजिनाचा तोच संगणक, स्वतः सांभाळून घेतो. त्यामुळे एकेक बदलायला हरकत नाही. त्याला इतकंच विचारा, ‘बेंचवर तपासून देता का?’ तयार झाला तर त्याच्याकडेच काम द्या.

आता हे वाचणाऱ्या डिझेलवाल्यांसाठी, कारण तिथे माझं उत्तर पूर्ण वेगळं आहे. फियाटचं १.३ मल्टीजेट इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत आलं, आपल्या रांजणगावलाही बनलं. तसं कुठलंही कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या रेलमधून डिझेल देणारं) असेल, तर इंजेक्टर घरी काढू नका. पेट्रोलच्या रेलमध्ये ३-४ बार असतो तिथे इथे १,६०० बार आणि नव्या गाड्यांत २,००० च्या घरात दाब जातो. जुन्या टाटा ४०७ किंवा जीपवर हात बसलेले मेस्त्री, जे अजून ‘मायको नोझल’ असं म्हणतात, ते चालू इंजिनात एकेका पाइपचा नट ढिला करून कुठला सिलेंडर मिसिंग करतोय ते शोधायचे. जुन्या मेकॅनिकल पंपावर ती रीत चालून गेली. कॉमन रेलवर ती माणसाचा हात घेऊ शकते. सुईइतक्या धारेने डिझेल कातडीच्या आत शिरतं, वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत हात सुजतो आणि बोट वाचवणं अवघड होतं. असं कधी झालंच तर ठिपका छोटा आहे म्हणून घरी थांबू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा आणि ‘जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय’ या शब्दांत सांगा.

दाबाचा प्रश्न सोडला तरी डिझेल इंजेक्टर बसलेला असतो तो थेट सिलेंडर हेडमध्ये, ज्वलनाच्या समोर. त्याच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो प्रत्येक वेळी नवा लागतो आणि खालची बैठक आरशासारखी साफ करावी लागते. कोंढव्याहून एक डिझेल गाडी आली होती, कुणीतरी जुनाच वॉशर परत घातलेली. तिथून ज्वलनाचा वायू बाहेर मारत राहिला आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कठीण कार्बन जमला. पुलर लावून इंजेक्टर निघेना, शेवटी हेड उतरवावं लागलं. वॉशरची किंमत किरकोळ असते, हेडच्या कामाची नसते. शिवाय कॉमन रेलच्या बहुतेक इंजेक्टरांच्या डोक्यावर अक्षरं आणि आकड्यांचा कोड छापलेला असतो. तो त्या एका इंजेक्टरचं नेमकं माप असतो आणि स्कॅनरने ईसीयूमध्ये लिहावा लागतो. न लिहिता बसवला तर धूर, ठोका, खडबडीत आयडलिंग येतं आणि मालकाला वाटतं, नवं सामानच खराब निघालं. एक डिझेल इंजेक्टर सतत ठिबकत राहिला तर पिस्टनला भोक पडू शकतं. डिझेलमध्ये घरी करण्यासारखं काय आहे? डिपस्टिक काढून ऑइलची पातळी वाढलीय का, ऑइलला डिझेलचा वास येतोय का, ते बघा. फिल्टर वेळेवर बदला. रिटर्नची चाचणी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ती तपासणी, पंप-नोझलवाल्याकडून करून घ्या.

थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या नव्या गाड्या, म्हणजे चाकणला बनणाऱ्या टायगुन, कुशाकमधली टीएसआय इंजिनं किंवा इतर कंपन्यांची जीडीआय इंजिनं, यांनाही मी डिझेलच्याच बाजूला ठेवतो. तिथेही दाब २०० बार आणि त्यापुढे जातो आणि टोकाची टेफ्लॉनची सील बसवायला खास साधन लागतं.

परत तुमच्या वॅगन-आरकडे. दुरुस्ती झाल्यावर सवय बदलली नाही तर हेच इंजेक्टर पुन्हा चोक होतील. टाकी रिझर्व्हवर कधी ठेवू नका, पाव टाकीच्या वर ठेवा आणि ते पेट्रोल जुनं होऊ देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी गाडी गरम असताना पेट्रोलवर घेऊन दहा-पंधरा किलोमीटर चालवा, म्हणजे रेलमधलं साचलेलं पेट्रोल बदलेल आणि फवारे मोकळे राहतील. गॅस महाग-स्वस्त याचा हिशेब करताना हे थोडं पेट्रोल खर्चात धरूनच चला.

गरम इंजिनावरची चाचणी आजच संध्याकाळी करता येईल. तिचा निकाल आणि तिन्ही इंजेक्टरांचे ओहम लिहून पाठवलेत, तर खोलायचं की नाही हे मी नक्की सांगू शकेन.